बाबांच्या लिव्हरच्या वाटाघाटी

आमच्या घरात पहिली ऑफर स्वीकारत नाहीत. हा नियम मी बाराखडीच्या आधी शिकले. भाजीवाल्याने सांगितलेला पहिला भाव असो, शाळेने दिलेलं पहिलं उत्तर असो, की मुलाकडच्यांनी आत्यासाठी पाठवलेला पहिला निरोप असो, बाबा मान डोलवायचे, "तुमची भूमिका कळली," म्हणायचे आणि गप्प बसायचे. समोरच्याला ती शांतता सोसवत नसे. तो दुसरं काहीतरी बोलायचा. बाबा म्हणायचे, खरी बोलणी तिथून सुरू होतात.

आजोबा गिरणीत होते. बाबा लालबागजवळच्या एका इंजिनिअरिंग कारखान्यात लागले आणि रिटायर होईपर्यंत तिथल्या युनियनचे सेक्रेटरी राहिले. दर तीन वर्षांनी मॅनेजमेंटशी पगाराचा करार व्हायचा. त्या काळात करी रोडच्या आमच्या चाळीतल्या खोलीत माणसांपेक्षा पत्रकं जास्त असायची. मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. पहिला जोडाक्षरी शब्द मी कुठला वाचला ते आठवत नाही, पण पहिला ओरडून वाचलेला शब्द 'निषेध' होता. माझ्या वह्यांना कव्हरं उरलेल्या पत्रकांची. तिसरीत 'माझी आई' या निबंधाचा शेवट मी "तरी या मागण्या तातडीने मान्य कराव्यात" असा केला होता आणि बाईंनी आईला बोलावून घेतलं होतं. आई बाईंना म्हणाली, "मागण्यो बरोबर आसत. तेवढ्यो वाचा."

तर अशा घरात गेल्या वर्षी लिव्हरची गाठ आली.

ती सापडलीसुद्धा आमच्याच पद्धतीने. मंडळाने चाळीच्या पटांगणात आरोग्य शिबिर भरवलं होतं. बाबा तपासणीसाठी गेले नव्हते, रांग नीट चालली आहे की नाही हे बघायला गेले होते. सोनोग्राफीच्या गाडीतला माणूस मधल्या वेळात मोकळा बसला होता. तो म्हणाला, "काका, उभे आहात ते आडवे व्हा." बाबा आडवे झाले. तो माणूस बराच वेळ पोटावर एकाच जागी यंत्र फिरवत राहिला आणि मग त्याने गप्पा बंद केल्या.

पुढे रक्त तपासलं, सीटी स्कॅन झाला. बाबांना हेपटायटिस बी होता, बहुधा कित्येक वर्षांपासून. कुठल्या तरी जुन्या, नीट न उकळलेल्या सुईतून आला असावा असा डॉक्टरांचा अंदाज. इतकी वर्षं तो विषाणू गुपचूप लिव्हरमध्ये बसून होता आणि आता त्याने तिथे एक गाठ उभी केली होती. लहान होती, पण कॅन्सरची होती. तो शब्द डॉक्टरांनी एकदाच उच्चारला. आम्ही घरी 'गाठ'च म्हणत राहिलो.

चाळीत बातमी संध्याकाळपर्यंत पोचली आणि पोचता पोचता तिचं 'लिव्हर' एवढंच उरलं. आमच्याकडे लिव्हर म्हटलं की माणसं आधी बाटली शोधतात. लोक बाबांकडे वेगळ्याच नजरेने बघायला लागले. ज्या माणसाने करारावर सह्या झाल्यावर हॉटेलातल्या पार्टीतही लिंबू सोडा घेतला, त्याच्याबद्दल जिन्यात कुजबुज: "बाहेरच घेत असतील." माझं डोकं सटकलं. मी चाळीच्या दारातल्या फळ्यावर खडूने मजकूर लिहिला. लिव्हर विषाणूमुळे बिघडतं, साखरेमुळे बिघडतं, चरबीमुळे बिघडतं. दारूमुळेही बिघडतं, आणि तसं झालं तरी तो माणूस पेशंट असतो, आरोपी नसतो. सगळ्यांनी हेपटायटिसची तपासणी करून घ्यावी, लस घ्यावी. दुसऱ्या दिवशी खाली कोणीतरी लिहिलं होतं, "मग आमची चालू ठेवू का?" मी त्याखाली "नाही" लिहिलं. तरी सांगते, त्या आठवड्यात तळमजल्यावरच्या तिघांनी रक्त तपासून घेतलं. पत्रक वाया जात नाही.

रुग्णालयाचं नाव लिहीत नाही. सार्वजनिक आहे, मोठं आहे आणि तिथे बसायला जागा नसते एवढं पुरे. सर्जन बाई होत्या, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठ्या, फार भरभर बोलणाऱ्या. त्यांनी एका कागदावर लिव्हर काढलं. ते चित्र मला कोकणच्या नकाशासारखं वाटलं, आईला फणसाच्या गऱ्यासारखं. डाव्या टोकाला त्यांनी पेनाने एक ठिपका दिला.

"काका, ही तुमची गाठ. हिच्यावर चार रस्ते आहेत. पहिला, दुर्बिणीतून ऑपरेशन. पोटाला चार-पाच लहान छिद्रं पाडायची. एकातून कॅमेरा जातो, बाकीच्यांतून आमची हत्यारं. टीव्हीवर बघत बघत गाठ आणि तिच्या भोवतालचा लिव्हरचा तुकडा कापून काढायचा. दुसरा, सुई. बाहेरून सुई गाठीत घालायची आणि ती उष्णतेने जाळून टाकायची. तिसरा, रक्तवाहिनीतून बारीक नळी लिव्हरपर्यंत न्यायची, गाठीला रक्त पुरवणाऱ्या फांदीत औषध सोडायचं आणि ती फांदी बंद करायची. चौथा, अख्खं लिव्हर बदलणं. तुमचं बाकीचं लिव्हर चांगलं काम करतंय, त्यामुळे चौथा नको. तिसरा, गाठ मोठी असली किंवा गाठी जास्त असल्या तर. तुमच्यासाठी पहिला. व्हायरसवरची गोळी वेगळी, ती रोज, बहुतेक कायमची."

बाबांनी सगळं लिहून घेतलं. मग पेनाला टोपण लावलं आणि म्हणाले, "तुमची भूमिका कळली."

मी उचललेली पिशवी परत खाली ठेवली. हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत होते.

"सुईचं काय?" बाबांनी विचारलं. "लहान गाठ आहे म्हणता. मग कापाकापी कशाला?"

"लहान आहे म्हणून सुई चालली असती. पण ती कडेला आहे, जठराला चिकटून. जाळताना जठराची भिंत भाजली तर भलताच उद्योग होईल."

"म्हणजे अशक्य नाही."

"अशक्य नाही, काका. योग्य नाही."

"शक्य आहे," असं बाबांनी पुटपुटत लिहिलं. "विचार करून कळवतो."

"लवकर कळवा. दुर्बिणीचा सेट एकच आहे, दोन विभागांत फिरतो. तारखा भरतात. मी पुढच्या महिन्यातली एक तुमच्यासाठी धरून ठेवते. आणि गाठ काही थांबत नाही."

बाहेरच्या पॅसेजमध्ये बाबा खुशीत होते. "ऐकलंस? तारखा भरतात म्हणे. आमचा पर्सोनेल मॅनेजर अगदी असंच बोलायचा. सही करा नाहीतर बोर्डाची मीटिंग निघून जाईल. कधी गेली नाही."

"बाबा, त्या मॅनेजर नाहीत. सर्जन आहेत."

"टेबलाच्या पलीकडे बसल्या ना?"

"पंखा तिकडे होता म्हणून बसल्या."

"लिव्हरचा तुकडा काढायचा ही त्यांची पहिली ऑफर. सुईवर आणतो की नाही बघ त्यांना. आता आपण फोन करायचा नाही. त्या करतील."

त्या करणार नव्हत्या, हे मला माहीत होतं. त्यांच्या दाराबाहेर जिन्यापर्यंत रांग होती. पण बाबांची सगळी हयात एका अनुभवावर उभी होती: आपण गप्प बसलो की समोरचा घाबरतो. समोरच्याची ऑर्डर अडलेली असते, मशिनं बंद पडलेली असतात, त्याला आपली गरज असते. इथे गरज कोणाला होती हे त्यांच्या हिशेबात बसतच नव्हतं. ते रोज सकाळी फोन चार्ज करून खिडकीत ठेवत आणि पेपर वाचत बसत. एक आठवडा गेला, दुसरा गेला. आई जेवण वाढताना त्यांच्या पोटाकडे बघायची.

मला सगळ्यात राग कशाचा आला सांगू? मी त्यांना जबरदस्ती करू शकत नव्हते. पेशंटला सगळे पर्याय समजावून सांगा, निर्णय त्याचा आहे, डॉक्टरचा नाही आणि नातेवाइकांचाही नाही, असं मी गेली पाच-सहा वर्षं रुग्ण-हक्कांच्या पत्रकांतून लिहितेय, सभांतून बोलतेय. बाबांनी कपाटातून माझंच एक पत्रक काढलं आणि माझ्यापुढे ठेवलं.

"'रुग्णाचा निर्णय अंतिम.' कोणी लिहिलंय?"

"मी."

"मग?"

माझी स्वतःची घोषणा आमच्या घरात येऊन पाय पसरून बसली होती.

मी दुसरं मत घ्यायचं ठरवलं. गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या काचेच्या इस्पितळांबद्दल मी जे लिहिलंय ते मागे घेतलेलं नाही, घेणारही नाही. तरी रिपोर्ट काखोटीला मारून मी अशाच एका ठिकाणी गेले. तिथल्या वेटिंग रूममध्ये कॉफीचं दुकान होतं आणि डॉक्टर हळू बोलत होते. त्यांनी सीटी बघितला आणि म्हणाले, "जागा बघता दुर्बिणीतून काढणंच बरं. सुई नको." मी धावत घरी येऊन सांगितलं. एका सरकारी डॉक्टरने आणि एका खाजगी डॉक्टरने एकमेकांना न विचारता तेच सांगितलं होतं. आता तरी हे ऐकतील.

बाबा म्हणाले, "बघ. दोन्ही मालक एकत्र आले."

मग मी मला येतं ते केलं. रात्रंदिवस विचार वगैरे करत बसले नाही, दुपारी ऑफिसातून एक पत्रक लिहिलं, कोपऱ्यावरच्या दुकानात प्रिंट काढली आणि सकाळी बाबांच्या पेपरात घडी घालून ठेवली. 'सेक्रेटरींना जाहीर सवाल'. ज्या नेत्याने आयुष्यभर कामगारांना सांगितलं की वेळ ओळखा, तो स्वतः वेळ कोणासाठी घालवतो आहे? गाठ वाढली तर आज उघडा असलेला छोटा रस्ता उद्या बंद होईल, याची जबाबदारी कोण घेणार? असे सात सवाल होते. शेवटी 'आपली नम्र' न लिहिता मी 'एक चिडलेली सभासद' असं लिहिलं.

बाबांनी ते चहाबरोबर वाचलं. लाल पेन काढलं. संध्याकाळी मला परत मिळालं तेव्हा तिसऱ्या आणि पाचव्या सवालाला एकत्र जोडणारा बाण होता, दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारलं होतं आणि खाली शेरा होता: 'मुद्दा दोन चांगला. शेवट ढिला.'

"पटलं का पण?"

"लिहिलंयस झकास," बाबा म्हणाले.

बाबांसाठी धरलेल्या तारखेच्या आधीच्या आठवड्यात मी न सांगता ओपीडीत गेले. सर्जन बाईंनी मला ओळखलं आणि त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, "तुमच्याकडून काहीच निरोप नाही. मी फाइलवरच्या नंबरला दोनदा फोन लावला, लागत नाही. ती तारीख मी दुसऱ्या पेशंटला दिली. आणि आता कॅमेरा दुरुस्तीला गेलाय. आला की बघू." फाइलवरचा नंबर मी बघितला. बाबांनी सवयीने कारखान्यातल्या युनियन ऑफिसचा दिला होता. कारखाना बंद होऊन जमाना झाला होता.

म्हणजे समोरून फोन आला होता. फक्त तो जिथे वाजला असता ते टेबलच राहिलं नव्हतं.

घरी सांगितल्यावर बाबांचा चेहरा पहिल्यांदा बदलला. ते खिडकीतल्या फोनकडे बघत राहिले. "म्हणजे ऑफर मागे घेतली?"

"ऑफर नव्हती ती, बाबा."

त्यांनी फोन उचलून खिशात टाकला. मग म्हणाले, "रविवारी सभा घेऊ."

हेसुद्धा आमच्याकडचंच. वाद मिटेना की सभा. अध्यक्ष दोन खोल्या सोडून राहतात. ते युनियनचे माजी अध्यक्ष, पण चाळीत, वाण्याकडे, त्यांच्या स्वतःच्या नातवंडांतही ते अध्यक्षच. रविवारी सकाळी ते इस्त्रीचा सदरा घालून आले आणि पलंगावर बसले. आई नेहमीप्रमाणे ओट्यापाशी होती. बाबांनी आपली बाजू मांडली: तुकडा कापणं ही टोकाची मागणी आहे, सुईवर तडजोड शक्य आहे, थोडा संयम हवा. मी उभी राहून जेवढं ओरडता येतं तेवढं ओरडले. अध्यक्षांनी दोन्ही बाजूंना "मुद्दा आहे" म्हटलं आणि मतदान घ्यायचं ठरवलं.

"सेक्रेटरी एक, ही एक. समसमान. म्हणजे निर्णायक मत माझं," अध्यक्ष म्हणाले आणि खिडकीबाहेरच्या टॉवरकडे बघायला लागले. त्यांनी हयातीत कधी सेक्रेटरींविरुद्ध मत दिलेलं नव्हतं.

आई ओट्यापासून वळली. हातात चहाचं ताट नव्हतं.

"माझा मत खंय?"

"तू सभासद नाहीस गो," बाबा म्हणाले.

"वर्गणी नाही ना भरलेली, वहिनी," अध्यक्ष पुटपुटले.

"इतकी वर्सां तुमच्या सभांका च्याय कोणी दिल्यान? ती वर्गणी नाय तर काय? ता नसात तर आज च्याय नाय. घराक जावन पियात."

अध्यक्षांनी घसा साफ केला. "नियमात बसवता येईल, सेक्रेटरी."

आई पदराला हात पुसत मधोमध येऊन उभी राहिली. ती सभेत बोलल्याचं मी कधी बघितलं नव्हतं. "माका एक सांगा. ह्यी वाटाघाट तुमी कोणावांगडा करतास?"

"डॉक्टरांबरोबर," बाबा म्हणाले.

"तिचा काय अडला? ती संध्याकाळी आपल्या घराक जातली. तुमच्या आधी धा जण, मागे धा जण. तुमची वाटाघाट चलली आसा त्या गाठीवांगडा. आणि ती गाठ टेबलार येवक नाय. तुमी हयसर गप बसलास आणि ती आत बसान जेवता."

 खाली कोणीतरी बादली आपटली.

अध्यक्ष शेवटी म्हणाले, "सेक्रेटरी, वहिनी म्हणतात ते तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. समोरची पार्टी बैठकीलाच येत नसेल तर बोलणी चालू आहेत असं म्हणता येत नाही. मग आपण नुसते बसून आहोत."

बाबांनी वहीत काहीतरी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. एरवी त्यांच्या ठरावांत कधी खाडाखोड नसे. मला तेव्हा कळलं, आणि हे मला आधी कळायला हवं होतं असं काही मी म्हणणार नाही, कारण ते लपवण्यात ते पटाईत होते: बाबा घाबरले होते. पोटावर सुरी चालणार याला ते घाबरले होते, आणि घाबरलेला माणूस जे काम त्याला उत्तम येतं तेच करत बसतो.

"ठराव," त्यांनी वाचलं. "ऑपरेशन दुर्बिणीतून, डॉक्टर देतील त्या तारखेला. बाजूने?"

आईने हात वर केला, मी केला, अध्यक्षांनी टॉवरकडे बघतच केला. बाबांनी आमच्याकडे एकदा बघितलं आणि आपलाही वर केला. युनियनची पद्धत आहे, सभेत कितीही भांडा, बाहेर निर्णय एकमताने झाला असंच सांगायचं. आईने चहा टाकला. त्यात साखर जास्त पडली होती.

कॅमेरा दुरुस्त होऊन यायला वेळ लागला. या दिवसांत, फाइलवर नवा नंबर नीट लिहिलाय ना, हे बाबा मला रोज एकदा विचारायचे. नवा स्कॅन झाला. गाठ वाढली होती, जराशी. सर्जन बाईंनी चष्मा वर सरकवला आणि म्हणाल्या, "अजून दुर्बिणीतून जमेल. पण आता आधीच सांगते, आत गेल्यावर रक्त थांबेना किंवा काही अडलं, तर पोट उघडावं लागेल. ती सही द्यावी लागेल."

बाबांनी संमतीचा कागद सावकाश वाचला. "एक दुरुस्ती आहे."

मी डोळे मिटून घेतले.

"पोट उघडायची वेळ आली तर कोणीतरी बाहेर येऊन माझ्या बायकोला सांगायचं. लगेच. मराठीत. तिला दिवसभर दाराकडे बघत बसवायचं नाही."

सर्जन बाई थांबल्या. "मला येता येणार नाही, काका. माझे हात आत असतील. माझा ज्युनिअर येईल. आणि संपल्यावर मी स्वतः."

"मान्य," बाबा म्हणाले. बाईंनी ते समासात लिहिलं आणि सही केली. बाबा कित्येक आठवड्यांनी नीट जेवले.

ही दुरुस्ती किती महाग पडणार हे मला ऑपरेशनच्या दिवशी समजलं. आता ज्युनिअर बाहेर आला तर पोट उघडलं, आणि कोणीच नाही आलं तर सगळं ठीक, असा त्याचा अर्थ होता. मी आणि आई ओटीच्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरच्या बाहेर, भिंतीला पाठ लावून जमिनीवर. बाकं भरलेली. दार उघडलं की आईची मान वर. एकदा हिरव्या कपड्यांतला एक तरुण डॉक्टर बाहेर आला आणि सरळ आमच्या दिशेने चालत आला. आईने त्याची बाही पकडली.

"उघडला?"

"काय?"

"पोट. ह्येंचा."

"मी शेजारच्या ओटीतला आहे, मावशी. हाडांच्या," तो म्हणाला. आई इतकी खूश झाली की तिने त्याला डब्यातली घावणी देऊ केली. त्याने इकडेतिकडे बघून घेतलीसुद्धा.

त्यानंतर किती वेळ गेला मी मोजला नाही. दार उघडलं तेव्हा सर्जन बाई स्वतः होत्या, मास्क हनुवटीखाली. हातात स्टीलचं भांडं. "दुर्बिणीतूनच झालं," त्या आधी म्हणाल्या, मग आमची इच्छा विचारून भांडं पुढे धरलं. तपकिरी तुकडा, त्यात फिकट गोळा. आईने वाकून बघितलं.

"येवढीशी?" ती म्हणाली. आणि मग तिथेच जमिनीवर बसली आणि पदर डोळ्यांना लावला.

बाबा शुद्धीवर आल्यावर त्यांनी आधी पोट बघितलं. मग बाई राउंडला आल्या तेव्हा त्यांनी तक्रार नोंदवली. "छिद्रं ठरल्याप्रमाणे आहेत. पण हा खाली, ओटीपोटावर आडवा छेद? हा बोलण्यात नव्हता."

"काका, कापलेला तुकडा बाहेर कुठून काढायचा? कॅमेऱ्याच्या छिद्रातून? पिशवीत घालून खालून काढला."

"चित्रात नव्हतं."

"चित्राच्या मागच्या बाजूला होतं. तुम्ही कागद उलटला नाहीत."

आयुष्यभर करारांच्या मागच्या पानावरची बारीक कलमं वाचणाऱ्या माणसाने सदरा खाली ओढून घेतला.

दुखत होता तो उजवा खांदा. ऑपरेशनच्या वेळी पोटात हवा भरतात, ती जाईपर्यंत खांदा दुखतो, असं सिस्टरने समजावलं. बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, घोषणा देऊन दुखतोय. दुसऱ्याच दिवशी त्यांना धरून चालवलं. चाळीतून माणसं शहाळी घेऊन यायची, सदरा वर करून टाके बघायची आणि निराश व्हायची. वरच्या मजल्यावरच्या काकू तर शहाळं परत न्यायच्या विचारात होत्या. "एवढंच? माझ्या पित्ताच्या खड्यांचं इथून इथवर होतं," असं म्हणून त्यांनी हवेत एवढी मोठी रेघ मारली की शेजारच्या पेशंटला लागली. मोठी चीर म्हणजे मोठं ऑपरेशन, हा हिशेब आमच्याकडे पक्का आहे. छोट्या छिद्रांतून लिव्हरचा तुकडा काढलाय हे त्यांना पटवायला मला चित्र काढावं लागलं. मी दोन्ही बाजू काढल्या.

घरी टॅक्सीने आणलं. लालबागच्या मसाल्याच्या गल्लीजवळ आल्यावर आईने ड्रायव्हरला चारही काचा वर करायला लावल्या, कारण मिरची कुटत होते आणि पोटावर टाके असताना शिंक म्हणजे काय हे बाबांना कळून चुकलं होतं. ते उशी पोटाशी गच्च धरून, नाक दाबून बसले होते. ड्रायव्हर आरशातून बघत होता. "काय झालं काकांना?"

"करार झाला," बाबा नाकातून म्हणाले.

रिपोर्ट आला. कापलेल्या कडा स्वच्छ होत्या, गाठीचं काही मागे राहिलं नव्हतं. लिव्हर स्वतःहून भरून येतं, असं बाई म्हणाल्या. उरलेला भाग वाढतो आणि कामाचा भार उचलतो. बाबांनी लगेच विचारलं की त्याला जादा कामाचा मोबदला काय. रोजची गोळी आहे, ती आई स्वतः देते. आमची दोघींची तपासणी झाली, विषाणू नव्हता, लसीचे डोस चालू आहेत. दर तीन महिन्यांनी सोनोग्राफी आणि रक्त. "करार तीन वर्षांचा असतो," बाबा म्हणाले. "इथे तीन महिन्यांचाच," बाई म्हणाल्या. गाठ पुन्हा येणारच नाही असं त्यांनी सांगितलं नाही, आणि बाबांनी ते विचारलंही नाही.

पहिल्या तपासणीला गेलो तेव्हा सगळं ठीक निघालं. बाबांनी पिशवीतून एक कागद काढला. मजकूर त्यांचा, टायपिंग माझं. दुर्बिणीचा दुसरा सेट आणावा. छोट्या छेदाचं ऑपरेशन काचेच्या इमारतीत आठवड्यात होतं आणि इथे कॅमेरा दुरुस्तीची वाट बघावी लागते, हे चालणार नाही. ओटीबाहेर नातेवाइकांना बसायला बाकं द्यावीत, ही मागणी आईची होती. ऑपरेशन लांबलं किंवा बदललं तर कोणीतरी बाहेर येऊन सांगावं, सगळ्यांनाच.

सर्जन बाईंनी उभ्या उभ्या वाचलं. "दुसऱ्या सेटसाठी मी केव्हाची मागे लागलेय," त्या म्हणाल्या आणि आम्हाला घेऊन स्वतः वरच्या मजल्यावर गेल्या. तिथल्या अधिकाऱ्यांनी कागद वाचला, चष्मा पुसला. "बाकांचं बघतो. दुसऱ्या सेटचं अवघड आहे, पण आहे तो लवकर दुरुस्त होऊन येईल असं करू."

बाबा उभे राहिले. पोटावर हात होता, पण पाठ ताठ. "तुमची भूमिका कळली," ते म्हणाले.

बाहेर येताना जिन्यात सर्जन बाईंनी पुढच्या तपासणीची तारीख सांगितली. बाबांनी ती तिथेच, पहिल्या झटक्यात लिहून घेतली. आई एक पायरी मागे होती. ती म्हणाली, "चला, खाली च्याय पिवया," आणि आम्ही वरच्या मजल्यावर पुन्हा कधी जायचं ते ठरवत उतरलो.